जुनी गाडी डीलरकडे सर्व्हिसिंगला: शेड्यूलमधलं प्रत्येक काम खरंच करून घ्यायचं असेल तर

गाडी सर्व्हिसिंगला दिली, संध्याकाळी धुऊन-पुसून चकाचक परत आली, बिल भरलं, सर्व्हिस बुकात शिक्काही बसला. पण ब्रेक ऑईल चार वर्षांपूर्वीचंच, प्लग कारखान्यातून आले तेच, आणि एसी फिल्टर काढला तर त्यात गेल्या वर्षीचा पालापाचोळा. हे अनेकांच्या बाबतीत होतं आणि बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते. आठ-दहा वर्षांपुढच्या गाडीचं देखभालीचं शेड्यूल कुणाच्याच डोळ्यासमोर नसतं, एवढंच. डीलरकडे गाडी ताब्यात घेऊन कामं लिहून घेणारा ॲडव्हायझर कॉम्प्युटरवर किलोमीटर टाकतो आणि समोर येईल ते ठरावीक पॅकेज उघडतो. मेकॅनिक जॉब कार्डावर, म्हणजे कामांच्या त्या कागदावर, आहे तेवढं करतो. मालक ‘सगळं बघून घ्या’ म्हणून निघून जातो, आणि ‘सगळं’ नावाची ओळ कुठल्याच जॉब कार्डावर नसते.

खालच्या टप्प्यांचा क्रम मोडू नका. बहुतेकांचा घोळ इथे होतो की ते डिलिव्हरीच्या वेळी काउंटरवर वाद घालतात, पण गाडी देताना काय करायचं ते लिहूनच दिलेलं नसतं.

## टप्पा १: तुमच्याच गाडीचा तक्ता शोधा

ओनर्स मॅन्युअलच्या शेवटी किंवा वेगळ्या सर्व्हिस बुकात देखभालीचा तक्ता असतो. पुस्तक हरवलं असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष निवडून ते उतरवून घेता येतं. मॉडेलचं नाव तेच आहे म्हणून दुसऱ्या कुणाचा तक्ता चालत नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि उत्पादनाचं वर्ष तिन्ही जुळायला हवं. एकाच नावाच्या गाडीत एका इंजिनाला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) आणि दुसऱ्याला त्याजागी चेन असू शकते. शंका असेल तर १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर देऊन डीलरच्या पार्ट्स विभागाकडून खात्री करून घ्या. ते लोक ॲडव्हायझरपेक्षा हे अचूक सांगतात.

तक्त्यात प्रत्येक कामापुढे एक अक्षर असतं. ‘आय’ म्हणजे तपासायचं, ‘आर’ म्हणजे बदलायचं, काही तक्त्यांत साफ करणं आणि घट्ट करणं यांचीही वेगळी अक्षरं असतात. तुमचं लक्ष आधी ‘आर’वर हवं. राहून जाणारी कामं बहुतेक तीच असतात, कारण त्यांना पार्ट लागतो आणि वेळही.

दुसरी गोष्ट, वेळ आणि किलोमीटर यांपैकी जे आधी येईल ते धरायचं. जुन्या गाड्या बहुधा कमी चालतात, त्यामुळे त्यांच्याबाबतीत वर्षंच आधी येतात. ११ वर्षांत ६२,००० किमी झालेली गाडी घ्या. किलोमीटर पाहिले तर ती ६०,०००च्या रकान्यात बसते. महिने पाहिले तर १३२ होतात, म्हणजे ती तक्त्याच्या पार उजव्या टोकाला किंवा त्याच्याही बाहेर असते. ब्रेक ऑईल, कूलंट, टायमिंग बेल्ट आणि टायर हे उभ्या गाडीतही जुने होतात. ॲडव्हायझरचा कॉम्प्युटर मात्र बहुतेक वेळा फक्त किलोमीटर विचारतो.

तक्ता संपला म्हणजे देखभाल संपली असं नाही. शेवटच्या रकान्यानंतर तोच क्रम पुन्हा सुरू होतो. फक्त तक्त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपा नीट वाचा, कारण काही कामांची पहिली पाळी लांब असते आणि पुढच्या आखूड. काही कंपन्यांच्या लाँग लाइफ कूलंटला पहिल्यांदा १,६०,००० किमी किंवा १० वर्षं दिलेली असतात, नंतर मात्र दर ८०,००० किमी किंवा ५ वर्षं. ही टीप सुटली की दुसरा बदल पाच वर्षं उशिरा होतो.

आणि बहुतेक पुस्तकांत तक्ते दोन असतात, सर्वसाधारण वापराचा आणि खडतर वापराचा. रोज दोन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या, सततचा ट्रॅफिक जाम, धुळीचा रस्ता, गाडी चालू ठेवून तासन् तास उभं राहणं, ट्रेलर ओढणं, हे सगळं खडतर वापरात मोडतं. बहुतेक शहरी गाड्या इथेच बसतात, पण मालकाला ते मान्य नसतं. त्याला वाटतं आपण तर गाडी फार जपून चालवतो!

तपासा: तक्ता कंपनीचा आहे की डीलरचा? डीलरच्या भिंतीवरच्या ‘सिल्व्हर-गोल्ड’ पॅकेजच्या फलकात कंपनीच्या तक्त्यात नसलेली कामं असतात, आणि असलेली काही नसतात.

## टप्पा २: काय झालं आहे त्याचा हिशेब मांडा

जुनी बिलं, सर्व्हिस बुक, फोनमधले फोटो सगळं एकत्र करा. पूर्वी त्याच कंपनीच्या कुठल्या डीलरकडे काम झालं असेल तर तिथून गाडीची सर्व्हिस हिस्ट्री छापून मागा. मग एका कागदावर चार रकाने करा: काम, शेवटचं कधी झालं (तारीख आणि किमी), पाळी किती, आता बाकी आहे का.

नियम एकच ठेवा. बिलावर पार्टची ओळ नसेल तर ते काम झालेलं नाही असं समजा. शिक्का हा पुरावा नव्हे. ‘८०,००० किमी सर्व्हिस’ एवढंच लिहिलेलं बिलही पुरावा नव्हे, कारण त्या सर्व्हिसमध्ये प्लग होते की नाहीत ते त्यातून कळत नाही. गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि आधीच्या मालकाने तोंडी सांगितलं असेल, तर ते रकान्याबाहेर पेन्सिलने लिहा.

इथे थोडी सूटही आहे. जे मोजता येतं ते मोजून ठरवा. ब्रेक पॅडची जाडी, टायरची नक्षी, बॅटरी यांना इतिहास लागत नाही. जे उघडल्याशिवाय दिसत नाही त्याला पुरावा नसेल तर बदल.

टायमिंग बेल्ट त्यात सगळ्यात वर. गाडीप्रमाणे त्याची पाळी साधारण ६०,००० ते १,६०,००० किमीच्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि सोबत वर्षांची मर्यादाही असते. तुटण्याआधी तो आवाज करेलच असं नाही. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग हेड खोलावं लागतं. कव्हरवर एखाद्या मेकॅनिकने तारीख आणि किलोमीटरचं स्टिकर लावलेलं असेल तर तो निदान दुवा तरी आहे. काहीच नसेल तर बाकीच्या कामांच्या आधी हेच.

## टप्पा ३: यादी लिहा, तीन भागांत

एक पान पुरतं. लांबलचक पत्र कुणी वाचत नाही. पहिल्या भागात बदलायच्या वस्तू, दुसऱ्यात मोजून आकडा लिहायच्या गोष्टी, तिसऱ्यात तुमच्या तक्रारी. तक्रारी वेगळ्या ठेवण्याचं कारण असं, की ‘डावीकडून खडखड येते’ हे शोधकाम आहे. ते शेड्यूलच्या कामांत मिसळलं की दिवस त्यातच जातो आणि प्लग राहतात.

नमुना असा:

अ. बदलायचं
१. इंजिन ऑईल, मॅन्युअलमधल्या ग्रेड आणि दर्जाचं, फिल्टर आणि ड्रेन बोल्टच्या वॉशरसह
२. एअर फिल्टर
३. एसी फिल्टर
४. ब्रेक ऑईल, चारही चाकांतून ब्लीड करून
५. स्पार्क प्लग, सर्व
६. कूलंट, कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचं
७. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल, ड्रेन करून भरणे

ब. तपासून आकडा लिहायचा
१. चारही चाकांच्या पॅडची किंवा शूची जाडी, मिमीमध्ये
२. टायरची नक्षी, मिमीमध्ये, स्टेपनीसह
३. बॅटरी टेस्टरचा छापील निकाल
४. फॅन बेल्टची अवस्था, फोटोसह
५. ब्रेकचे रबरी पाइप, ड्राइव्ह शाफ्टचे बूट, बॉल जॉइंट, सस्पेन्शनचे बुश: ठीक किंवा खराब, बाजूसह

क. तक्रारी
१. सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खरखर

यादीतल्या ‘ब्लीड करून’, म्हणजे चाकांपाशी जुनं ऑईल बाहेर काढून, या शब्दांना महत्त्व आहे. ब्रेक ऑईल बदललं म्हणताना पुष्कळदा वरच्या डबीतलं पिचकारीने ओढून नवीन ओततात. चाकांजवळचं जुनं तसंच राहतं, आणि तापतं ते तिथलंच. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर ब्रेक दाबला की पेडल मऊ पडू शकतं. म्हणूनच बऱ्याच कंपन्या ते दर २ किंवा ३ वर्षांनी बदलायला सांगतात, मग गाडी कितीही कमी चाललेली असो.

ऑईलच्या बाबतीत नुसतं ‘५डब्ल्यू-३०’, म्हणजे ऑईलच्या घट्टपणाची ग्रेड, पुरत नाही. त्या आकड्यामागे दर्जाचीही खूण असते. धूर गाळणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीत कमी राखेचं ऑईल लागतं. ड्रममधलं साधं ऑईल घातलं तर इंजिन चालतं, पण तो फिल्टर हळूहळू तुंबतो.

सावधान: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बनायझिंग, ऑईलमध्ये घालायची बाटली हे कंपनीच्या तक्त्यात सहसा नसतं. ते नको असेल तर यादीखाली तसं एक वाक्य लिहा. बिल फुगतं ते अशाच ओळींनी, आणि ‘एवढं सगळं केलं’ या भरात प्लग राहिल्याचं लक्षात येत नाही.

गिअरबॉक्सचं ऑईल ‘लाइफटाइम’ आहे असं सांगितलं जाईल. तक्ता उघडून पाहा. काही पुस्तकांत सर्वसाधारण वापराच्या तक्त्यात ते काम नसतं, पण खडतर वापराच्या तक्त्यात असतं.

## टप्पा ४: गाडी नेण्याआधी पार्ट्सची खात्री

हा टप्पा लोक सरसकट गाळतात. नव्या गाडीचे पार्ट शेल्फवर असतात, जुन्या गाडीचे मागवावे लागतात. गाडी रॅम्पवर चढल्यावर कळतं की एसी फिल्टरच नाही, मग ‘पुढच्या वेळी करू’ आणि पुढची वेळ वर्षाने.

फोनवर चेसिस नंबर आणि यादीचा अ भाग द्या. विचारायचं एवढंच: यातलं काय हातात आहे, काय मागवावं लागेल, किती दिवस लागतील. सगळे पार्ट आल्यावरच तारीख घ्या. टायमिंग बेल्ट असेल तर किटमध्ये टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून आणि वळवून धरणाऱ्या पुली) आहेत का ते विचारा. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तो त्याच वेळी बदलणं शहाणपणाचं, कारण लेबरचा मोठा भाग तिथपर्यंत पोचण्यातच जातो.

चेसिस नंबरवरून एखादा रिकॉल (कारखान्यातल्या दोषासाठी कंपनीने गाड्या परत बोलावून केलेली दुरुस्ती) बाकी आहे का तेही याच फोनवर विचारून घ्या. गाडी जुनी झाली किंवा मालक बदलला तरी राहिलेल्या रिकॉलचं काम सहसा मोफत होतं.

तारीख घेताना दिवसाची पहिली वेळ मागा आणि लांब सुट्टीच्या आदला दिवस टाळा. त्या दिवशी प्रत्येकाला गाडी हवी असते आणि सगळ्यात जुन्या गाडीचं काम सगळ्यात घाईत उरकलं जातं.

## टप्पा ५: आदल्या संध्याकाळी

फोनचा कॅमेरा आणि एक पांढरा पेंट मार्कर, एवढंच सामान.

ऑईल फिल्टर हाताला लागत असेल तर त्यावर बारीक ठिपका द्या. एअर फिल्टरच्या कडेला एक, एसी फिल्टरच्या कडेला एक. तारीख वगैरे काही लिहायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी ठिपका दिसला तर फिल्टर जुनाच आहे. यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही आणि कुणाला सांगायचीही गरज नाही.

मग फोटो. किलोमीटर, डॅशबोर्डवरचे जळते दिवे, डिपस्टिकवरची पातळी, ब्रेक ऑईलची डबी, कूलंटची टाकी. आणि एक फोटो जो कुणी काढत नाही: प्लगवर बसवलेल्या, त्यांना वीज पुरवणाऱ्या कॉइल आणि त्यांचे बोल्ट, जवळून. वर्षानुवर्षांची धूळ तिथे जशीच्या तशी बसलेली असते. प्लग बदलायचे तर त्या कॉइल काढाव्याच लागतात. बोल्टच्या डोक्यावर पान्याची चकाकती खूण उमटते, कनेक्टरवर बोटांचे ठसे राहतात, धुळीचा थर मोडतो. गाडी परत आल्यावर थर तसाच असेल तर प्लगही तेच आहेत. त्यासाठी यादीत ‘इंजिन वॉशिंग नको’ हेही लिहा. पाण्याने धुतलं की हा पुरावा जातो आणि जुन्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं ते वेगळंच.

गाडीत ठेवायच्या गोष्टी: अलॉय व्हीलला लॉक नट असेल तर त्याची किल्ली. ती नसेल तर चाक निघत नाही, आणि चाक न काढता ‘ब्रेक तपासले’ लिहिलं जातं. जुन्या म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो शोधून ठेवा, बॅटरी सोडवली की ती कोड मागते. सर्व्हिस बुकाची प्रत ठेवा.

सावधान: इंजिनचा दिवा जळत असेल तर घरी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून तो घालवू नका. कोड पुसला की मेकॅनिकला दुवा उरत नाही.

## टप्पा ६: जॉब कार्ड

सगळ्या लेखात कुठला एकच टप्पा नीट करायचा असेल तर हा.

यादीच्या दोन प्रती न्या. एक ॲडव्हायझरला द्या आणि तो टाइप करत असेपर्यंत तिथेच उभे राहा. घाई असेल तर त्या दिवशी गाडी देऊ नका. संवाद साधारण असा होतो:

‘सर, मेजर सर्व्हिस टाकतो, त्यात सगळं येतं.’

‘त्यात ब्रेक ऑईल आणि प्लग येतात का? स्क्रीनवर दाखवता?’

‘प्लग नाहीत यात. ते तपासून लागले तर बदलतो.’

‘तपासायचे नाहीत, बदलायचेच आहेत. वेगळी ओळ टाका.’

आवाज चढवायची गरज नाही. ॲडव्हायझर दिवसभर पंधरा-वीस गाड्या लिहितो, आणि नेमकी यादी आणणारं गिऱ्हाईक त्याला खरं तर सोपं जातं. सही करण्याआधी कार्ड छापील वाचा आणि यादीशी ओळ-ओळ ताडून पाहा. ‘जनरल चेकअप’मध्ये तुमची पाच कामं मावली असतील तर ती वेगळी करून घ्या. पुढच्या चार गोष्टी कार्डावर लेखी हव्यात:

- यादीबाहेरचं कुठलंही काम फोनवर विचारल्याशिवाय करू नये.
- काढलेले सर्व जुने पार्ट डिकीत ठेवावेत. (कॅलिपर, अल्टरनेटरसारखे, नव्याच्या बदल्यात परत द्यावे लागणारे पार्ट निदान दाखवावेत.)
- जे काम होणार नाही ते ‘झाले नाही’ असं कारणासह लिहावं.
- ब भागातले आकडे बिलासोबत लेखी द्यावेत.

सही केल्यावर कार्डाचा फोटो घ्या. थंड इंजिनाची तक्रार असेल तर गाडी आदल्या रात्रीच ठेवून या. तुम्ही चालवत नेलेली गाडी तिथे पोचेपर्यंत गरम होते आणि आवाज गायब होतो. चालताना येणाऱ्या आवाजासाठी मेकॅनिकला किंवा फ्लोअर सुपरवायझरला शेजारी बसवून एक ट्रायल मारा. ‘सस्पेन्शन नॉइज’ एवढ्या दोन शब्दांतून त्याला काहीच कळत नाही.

तपासा: कार्डावरच्या अंदाजे खर्चात पार्ट आणि लेबर वेगळे दिसतात का? एकच ठोक आकडा असेल तर नंतर काय झालं आणि काय नाही ते ताडता येत नाही.

## टप्पा ७: दुपारचा फोन

‘सर, एक्स्ट्रा काम निघालंय.’ जुन्या गाडीला हा फोन येणारच, आणि बऱ्याचदा तो खराही असतो. लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. तीन गोष्टी विचारा: मोजमाप किती आलं, कंपनीची मर्यादा किती, आणि थांबलं तर किती दिवस चालेल. सोबत फोटो मागा.

‘पॅड गेलेत’ हे उत्तर नव्हे. नवे पॅड साधारण १० ते १२ मिमीचे असतात आणि ३ मिमीच्या आसपास बदलायची वेळ येते. ५ मिमी असतील तर आज घाई नाही, पुढच्या यादीत लिहा. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. टायरच्या खाचांत १.६ मिमी उंचीचे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. नक्षी भरपूर दिसत असली तरी टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ऑईलची गळती सांगितली तर नुसता ओलसरपणा आहे की थेंब पडतोय ते विचारा. पहिल्यावर नजर ठेवता येते.

ब्रेक, स्टिअरिंग, बॉल जॉइंट आणि टायर यांत खरी खराबी निघाली तर मात्र पुढे ढकलू नका. बाकी बरंच थांबतं.

याच फोनवर उलटा प्रश्नही विचारा: ‘यादीतलं काही राहतंय का?’ संध्याकाळी कळण्यापेक्षा दुपारी कळलेलं बरं. एखादा पार्ट चुकीचा आला असेल तर अजून मागवायला वेळ असतो.

## टप्पा ८: डिलिव्हरी, आणि पैसे सगळ्यात शेवटी

नेहमीचा क्रम असा: कॅश काउंटर, किल्ली, गेट पास, घर. तो फिरवा. आधी बिलाचा मसुदा, मग जुने पार्ट, मग बॉनेट, मग छोटी ट्रायल, आणि नंतर पैसे. उजेड असताना जा.

बिलात पार्टची संख्या आणि लिटर पाहा, खरी गोष्ट तिथे असते. चार सिलिंडरच्या इंजिनाला बहुधा चार प्लग लागतात (काहींना आठ), तीन लिहिले असतील तर विचारा. मॅन्युअलमध्ये फिल्टरसह ऑईलची क्षमता ३.७ लिटर दिली असेल आणि बिलात ३ लिटर असतील तर डिपस्टिक बघा. ब्रेक ऑईल चारही चाकांतून बदलायला साधारण अर्धा ते एक लिटर लागतं. बिलात पाव लिटर असेल तर ते टॉप-अप आहे. कूलंट मात्र अर्धं पाणी मिसळून वापरायचं कॉन्सन्ट्रेट असेल तर क्षमतेच्या निम्मंच लिहिलेलं असणार, त्यावरून भांडू नका. लेबरची ओळ आहे पण पार्टची नाही, असं कुठल्याही ‘बदलायच्या’ कामापुढे दिसलं की थांबा.

जुने पार्ट डिकीत आहेत का पाहा आणि मोजा. टायमिंग बेल्ट हा न दिसणाऱ्या कामांपैकी सगळ्यात महाग, त्यामुळे जुना बेल्ट हातात घेऊन बघा. जुन्या बेल्टवरचं छापील लिखाण बहुधा पुसट झालेलं असतं आणि रबर चकचकीत, कडक वाटतं. तुमचे ठिपके दिलेले फिल्टर तिथे दिसले की काम झालं.

बॉनेट उघडा. इंजिन बंद करून पाच मिनिटं झाल्यावर, सपाट जागेवर, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर तीही चूकच, जादा ऑईल काढायला सांगा. ब्रेक ऑईल आता काळपट न दिसता फिकट दिसायला हवं. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा सगळ्या लागल्यात का, कॉइलवरची धूळ मोडली आहे का, ते कालच्या फोटोशी ताडा. गाडीखाली वाकून ड्रेन बोल्टभोवती ओल आहे का आणि खालचं प्लास्टिकचं कव्हर सगळ्या स्क्रूंनी बसलंय का ते बघा. जुन्या गाडीत त्या क्लिपा तुटतात आणि मग कव्हर एका बाजूने लोंबतं.

ट्रायलमध्ये जोर लावून चालवायची गरज नाही. ब्रेक पेडल घट्ट लागतं का, गाडी एका बाजूला ओढते का, नवा आवाज आलाय का, डॅशबोर्डवर नवा दिवा आहे का. सर्व्हिस रिमाइंडर शून्यावर आणला आहे का तेही बघा.

सावधान: ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ड्रेन करून भरल्यावर सगळं ऑईल बदलत नाही. बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या ऑईलने भरलेल्या भागात) राहतो. त्यामुळे एकूण क्षमतेपेक्षा बिलात कमी लिटर दिसणं बरोबर आहे. तुलना करायची ती मॅन्युअलमधल्या ‘ड्रेन करून भरणे’ या आकड्याशी.

## टप्पा ९: काही राहिलंच असेल तर

पैसे देण्याआधी लक्षात आलं तर ॲडव्हायझरला जॉब कार्डाची ओळ दाखवा. ‘तुम्ही केलं नाही’ असं म्हणण्यापेक्षा ‘ही ओळ राहिलीय, आज होईल की उद्या?’ एवढं पुरतं. त्या ओळीचे पैसे बिलातून काढून घ्या किंवा काम करून घ्या. ‘पुढच्या सर्व्हिसला फ्री करतो’ हे तोंडी मान्य करू नका, बिलावर लिहून सही घ्या.

घरी आल्यावर कळलं तर त्याच दिवशी ई-मेल. जॉब कार्ड नंबर, राहिलेली ओळ, आधीचा आणि नंतरचा फोटो, आणि काय हवं ते एका वाक्यात. ॲडव्हायझरनंतर सर्व्हिस मॅनेजर, त्यानंतर कंपनीचा ग्राहक विभाग. पहिल्याच मेलमध्ये कंपनीला प्रत टाकू नका. मॅनेजरला मिटवायची एक संधी दिली की तो बहुधा मिटवतो.

दुसऱ्या सकाळी गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा बघा, डिपस्टिक पुन्हा एकदा, आणि कूलंटची पातळी इंजिन पूर्ण थंड असताना. कूलंट बदललेलं असेल तर आत अडकलेली हवा निघून पातळी थोडी उतरते, तेवढं भरायचं. गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही. चाकं काढली असतील तर १०० किमीच्या आसपास नट टॉर्क पान्याने तपासून घ्या.

मग टप्पा २चा तो चार रकान्यांचा कागद काढा आणि प्रत्येक कामापुढे नवी तारीख आणि किलोमीटर लिहा. ‘पुढची सर्व्हिस ७२,०००ला’ असं एकच स्टिकर काचेवर लावलेलं असतं, पण प्रत्येक कामाची पाळी वेगळी असते. ब्रेक ऑईलपुढे दोन वर्षांनंतरचा महिना, कूलंटपुढे पाच वर्षांनंतरचा, आणि ब भागातून आलेले आकडे तसेच्या तसे: मागचा डावा पॅड ५ मिमी, पुढचा उजवा टायर ३ मिमी, बॅटरी ठीक. पुढच्या खेपेची यादी इथूनच सुरू करायची आहे.